विड्याचा मान आणि मताचा अधिकार

गोमंतकातील कोणत्याही जुन्या देवस्थानाच्या जत्रेस गेलेल्या वाचकाने एक गोष्ट अवश्य पाहिली असेल. पालखी उठण्यापूर्वी विडा प्रथम कोणाच्या हाती द्यावयाचा, नारळ-प्रसाद कोणाच्या घराण्याच्या नावाने आधी पुकारावयाचा, पालखीला खांदा कोणी द्यावयाचा, ह्याचा एक ठरलेला क्रम असतो. तो चुकला की आवाज चढतात, आणि क्वचित प्रकरण कचेरीपर्यंतही जाते. बेळगाव, इंदूर, वडोदरा किंवा मुंबई येथून कुलदेवतेच्या दर्शनास आलेली तरुण मंडळी हा प्रकार पाहून एकमेकांकडे बघून हसतात. आम्हीही एके काळी हसलो आहो. एका विड्याच्या पानासाठी वडीलधाऱ्या माणसांनी एवढे इरेस का पेटावे, हे आम्हांस तेव्हा उमगत नसे.

पुढे गोमंतकाची जुनी कागदपत्रे वाचण्याचा योग आला तेव्हा मात्र हे हसू मावळले. १५२६ साली तिसवाडीच्या गावांतील रीतिरिवाजांची जी नोंद पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी करून ठेवली, तिच्यात शेतसारा, वारसाहक्क, ऋण आणि साक्षीपुरावा ह्यांच्या जोडीला हाच मानाचा क्रम नोंदविलेला आहे. सभेत विडा आणि पासोडी कोणास आधी मिळावी, भातलावणी आणि कापणी प्रथम कोणाच्या शेतात सुरू व्हावी, घरावर नवे छप्पर प्रथम कोणी घालावे, ह्याचे नियम तेथे आहेत. आपण ज्यास आज हट्ट म्हणतो ते त्या काळी गावाच्या राज्यघटनेतले कलम होते. कोण आधी बोलणार आणि कोणाच्या संमतीवाचून ठराव पुरा होणार नाही, हे त्या विड्याने दाखविले जात असे. राज्यसंस्था ह्या कोणाच्या डोक्यातून एकाएकी निघत नाहीत. त्या गावच्या मातीतून, पाण्यातून आणि सणावारांतून घडत जातात. ह्या म्हणण्याचा पडताळा पाहावयास आम्हांस गोमंतकाच्या गावकरीहून जवळचे उदाहरण दुसरे आढळले नाही. आणि तिच्यात माणसाला, एकट्या माणसाला, कितपत मोकळीक होती हा प्रश्नही तिच्याच इतिहासात विचारणे उचित होईल.

प्रथम ही नोंद झाली कशी ते पाहू. आफोंस द आल्बुकेर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवे शहर कायमचे घेतले आणि रहिवाशांचे पूर्वापार रिवाज चालू ठेवण्याचे आश्वासन दिले. त्या आश्वासनात औदार्य किती आणि सोय किती, हा वाद बाजूस ठेवू. मूठभर परक्यांना सारा वसूल करावयाचा होता, आणि सारा कोण, कोणत्या हिशेबाने देतो हे गावकारांवाचून कोणासही ठाऊक नव्हते. म्हणून पोर्तुगीजांच्या खजिन्याचा अधिकारी आफोंस मेशिय ह्याने चौकशी करून १६ सप्टेंबर १५२६ रोजी जी सनद काढली तीच इतिहासात 'फोराल' म्हणून प्रसिद्ध आहे.

हा 'फोराल' शब्दच विचार करण्याजोगा आहे. पोर्तुगालात मध्ययुगापासून राजे निरनिराळ्या नगरांना अशा सनदा देत आले होते. नगराने कोणते कर द्यावेत, नगरसभेने काय करावे, राजाच्या अधिकाऱ्याने कोठे थांबावे, हे त्यांत लिहिलेले असे. मेशिय गोव्यात येण्याच्या अगोदरच्या दोन-तीन दशकांतच राजा मानुएल ह्याने ह्या सर्व जुन्या सनदा नव्याने लिहून घेतल्या होत्या. तेव्हा तिसवाडीत आल्यावर, गावकारांची सभा, तिचा लेखनिक आणि तिचा सामाईक सारा पाहून, त्या अधिकाऱ्याच्या मनात आपल्या देशातील नगरसभेचे चित्र उभे राहिले असल्यास नवल नाही. त्याने गावकारांच्या सभेस 'कामर' म्हटले आणि रिवाजांच्या नोंदीस 'फोराल'. दोन संस्कृती तेथे भेटल्या, आणि प्रत्येकीने दुसरीस आपल्या घरातील शब्दाने ओळखले. परंतु ह्या ओळखीत एक बारीकसा फेरफार होऊन गेला. तोवर रिवाज हा पूर्वजांचा होता. आता तो राजाने मान्य केलेला झाला. जे मान्य केले जाते ते कधी अमान्यही होऊ शकते, हे गावकारांच्या ध्यानी यावयास फार वर्षे लागली नाहीत.

आता गावकरीचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण गोमंतकाबाहेर राहणाऱ्या आमच्या वाचकांपैकी अनेकांस हा शब्द केवळ आडनाव म्हणून परिचयाचा असेल. फोरालच्या आरंभी एक आख्यायिका दिली आहे. ओसाड बेटावर काही माणसे आली, त्यांनी जमीन लागवडीस आणली, तिची व्यवस्था लावली, आणि तेच गावकार झाले. आख्यायिका असो वा इतिहास, तिसवाडी, बारदेश आणि साष्टी येथील खाजन जमीन ज्याने पाहिली आहे त्याला तिचे मर्म पटेल. ही शेते भरतीच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर आहेत. मांडवी-जुवारीच्या खाड्यांचे खारे पाणी बाहेर राहते ते मातीच्या बांधांमुळे आणि मानशीच्या दारांमुळे. ओहोटीला दार आपोआप उघडून आतले पाणी बाहेर जाते, भरतीला मिटते. बांधाला एका रात्रीत खिंड पडली तर एकाचे शेत बुडत नाही, साऱ्या गावचे बुडते, आणि खारावलेली जमीन पुढची काही वर्षे भात देत नाही. अशा जमिनीवर 'माझे मी पाहीन' असे म्हणून कोणासही शेती करता येत नाही. बांधाची राखण सामाईक, म्हणून जमीन सामाईक. जमीन सामाईक, म्हणून सभा आवश्यक. आणि बांध घालताना एकही घर मागे राहून चालत नाही, म्हणून सभेतला ठराव सर्वांच्या संमतीने. गावकरीचे तत्त्वज्ञान कोणत्या ग्रंथात सापडत नाही, ते ह्या बांधावर सापडते असे आमचे मत आहे.

सभेत मत व्यक्तीचे नव्हते, वांगडाचे होते. वांगड म्हणजे मूळ पुरुषापासून चालत आलेले घराणे. गावात जितकी वांगडे तितकी मते. जुन्या रीतीप्रमाणे ठराव एकमताने होई. एका वांगडाने नकार दिला की काम थांबे. लेखनिकावाचून सभा भरत नसे, कारण ठराव लिहून पुकारला जाई तेव्हाच तो ठराव. गावची शेते ठराविक मुदतीने लिलावात दिली जात. आलेल्या उत्पन्नातून सारा, बांधांचा खर्च आणि देवकार्याचा खर्च भागविल्यावर जे उरे ते गावकारांत वाटले जाई. त्या वाटपास 'झोण' म्हणत. पुजारी, लोहार, सुतार, न्हावी, वाजंत्री ह्यांच्यासाठी नमशीच्या जमिनी निराळ्या काढून ठेवलेल्या असत. देऊळ हे गावकरीच्या मध्यभागी होते, आणि बहुतेक ठिकाणी सभाही त्याच्याच मंडपात भरे.

ह्यावरून आपल्याकडे प्राचीन काळी लोकशाही होती असा अभिमानाचा सूर नेहमी ऐकू येतो. तो अगदीच निराधार नाही. राजाचा अधिकारी सारा मागू शकत असे, पण शेत कोणी करावे हे सांगू शकत नसे. फोरालमध्ये तर असेही मान्य केले आहे की गावकाराने अपराध केला तरी त्याचा जमिनीवरील हक्क राजाने काढून घेऊ नये, तो त्याच्या वारसांकडे जावा. सोळाव्या शतकातील युरोपातही सामान्य शेतकऱ्यांस एवढे अभय क्वचितच होते.

पण हे अभय कोणास, असे विचारले की सूर उतरतो. मुलींना वारसा नव्हता. फोराल त्याविषयी स्पष्ट आहे. बांधावर ज्यांचे हात राबत ते कूळ आणि ज्यांची झोपडी दुसऱ्याच्या भाटात ते मुंडकार सभेच्या बाहेर. कुळाचारी म्हणून ज्यांना उत्पन्नात वाटा मिळे त्यांनाही गावकारासारखे मत नव्हते. आणि गावकारालाही, नीट पाहिले तर, स्वतःचे असे मत नव्हते. वांगडातील वडील बोलले की तो बोलला. गाव स्वतंत्र होते, माणूस गावचा होता. जो गाव सोडून गेला त्याची गणती कशात, ह्याचे उत्तर त्या व्यवस्थेत नव्हते, कारण तो प्रश्नच सहसा उद्भवत नसे.

तो उद्भवला सोळाव्या शतकाच्या मध्यास, आणि तोही गावच्या चुकीने नव्हे.

१५४० मध्ये तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली. दुसऱ्याच वर्षी त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळविण्यात आले, आणि त्यास गावकारांची संमती कागदावर घेण्यात आली. ज्या सभेत एका वांगडाचा नकार काम थांबवू शकत होता, त्याच सभेकडून ही संमती कशी निघाली असेल, ह्याची कल्पना वाचकाने करावी. १५४३ मध्ये बारदेश आणि साष्टी पोर्तुगीजांकडे आली, १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झाले, १५६७ मध्ये साष्टीतील शेकडो देवळे जमीनदोस्त झाली. त्या काळचा युरोप राजाचा जो धर्म तोच प्रजेचा, ह्या समजुतीवर चाललेला होता. १५५५ च्या आउग्सबुर्ग तहात जर्मन संस्थानिकांनी हेच तत्त्व लिहून मान्य केले होते. पोर्तुगालचा राजा तर पोपकडून मिळालेल्या अधिकाराने पूर्वेकडील चर्चचा आश्रयदाता होता. तेव्हा गावकऱ्यांनी सारा दिला म्हणजे राजाचे समाधान झाले, हा पूर्वीचा हिशेब येथे लागू पडेना. विजापूरच्या सुलतानाला सारा पाहिजे होता. ह्या राजाला सारा आणि आत्मा दोन्ही पाहिजे होते. राज्यसंस्थेचे स्वरूप राज्यकर्त्याच्या सांस्कृतिक समजुतीने कसे बदलते, ह्याचे इतके कडू उदाहरण दुसरे शोधावयास नको.

गावकारांनी काय केले? अनेकांनी धर्म बदलला आणि गावकरी राखली. ह्यांना दोष देणे आज सोपे आहे. बांध सोडून जाणे त्या काळी सोपे नव्हते. इतरांनी देव उचलला आणि खाडी ओलांडली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, कोलव्याची महालक्ष्मी बांदिवड्यास, लोटलीचा रामनाथ त्याच परिसरात. अंत्रुज महाल तेव्हा पोर्तुगीजांच्या सीमेपलीकडे होता, आणि १७६३ पर्यंत तसाच राहिला.

साष्टीतील कुंकळ्ळीकरांनी तिसरी वाट धरली. त्यांनी सारा थांबविला. १५ जुलै १५८३ रोजी तेथे पाच जेझुइट पाद्री मारले गेले. पुढे बोलणीच्या मिषाने गावच्या सोळा प्रमुखांस असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांस ठार करण्यात आले. त्यांतला एकच निसटला असे परंपरा सांगते. कुंकळ्ळीच्या जमिनी काढून घेऊन एका पोर्तुगीज सरदारास देण्यात आल्या. फोरालमध्ये गावकाराच्या अपराधासाठी जमीन जप्त करू नये असे लिहिल्यास तेव्हा अवघी सत्तावन्न वर्षे झाली होती. फोराल तिसवाडीसाठी होता, साष्टीसाठी नव्हता, असा बचाव एखादा वकील करील. पण साष्टीच्या गावांचाही कारभार त्याच धाटणीने चालत होता, हे राज्यकर्त्यांस पुरते ठाऊक होते. हा प्रसंग आम्हांस फार बोलका वाटतो. हक्क वांगडाचा होता, म्हणून शिक्षाही वांगडाला झाली. एखाद्याने खून केला असेल तर त्याला एकट्याला न्यायासनापुढे उभे करण्याऐवजी गावचे गाव बुडविण्यात आले.

कुंकळ्ळीची देवी फातर्प्यास गेली. आजही शिगम्याच्या दिवसांत ती फातर्प्याहून कुंकळ्ळीस येते, आणि तिच्यासोबत बारा रंगीत छत्र्या असतात, बारा वांगडांच्या बारा. ख्रिस्ती झालेल्या घराण्यांतील मंडळीही ह्या मिरवणुकीत सामील होतात. जमीन गेली, सभा गेली, देऊळ गेले, धर्मही दोन झाले. वांगडांची मोजणी मात्र चुकलेली नाही. आम्ही ही मिरवणूक पाहिली तेव्हा छत्र्यांच्या गुलालात चेहरे ओळखू येत नव्हते, आणि हिंदू कोण, ख्रिस्ती कोण हे सांगणे बाहेरच्या माणसाला केवळ अशक्य होते.

ज्यांनी देव उचलून अंत्रुजात नेला त्यांच्या बाबतीत एक निराळीच गोष्ट घडली, आणि तिच्याकडे आमच्या इतिहासकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही असे आम्हांस वाटते. कुशस्थळीत मंगेशाचे गावकार हे त्या मातीचे धनी होते. प्रियोळात ते पाहुणे होते. माती दुसऱ्यांची होती, तिची गावकरी दुसऱ्यांची होती. तेव्हा त्यांच्याजवळ उरले ते फक्त देवाशी असलेले नाते. जो पूर्वी जमिनीमुळे गावकार होता तो आता देवामुळे महाजन झाला. ही घराणी पुढे कारवार, मंगळूर, कोची येथपर्यंत पसरली. काही बेळगावात, काही मराठी दौलतीबरोबर इंदूर-ग्वाल्हेर-वडोदऱ्यापर्यंत पोचली. त्यांना गाव नव्हते, पण महाजनांच्या यादीत नाव होते. गाव सोडून गेलेल्या माणसाची गणती कशात, ह्या जुन्या प्रश्नाला इतिहासाने असे उत्तर काढले. नागरिकत्व मातीवरून उठून वंशावळीत जाऊन बसले. त्यामुळे ते चारशे वर्षे टिकले, आणि त्यामुळेच ते अरुंदही राहिले.

पुढील दोन शतकांचा वृत्तान्त आम्ही येथे विस्ताराने देत नाही. इन्क्विझिशन १७७४ मध्ये बंद झाले, १७७८ मध्ये पुन्हा उघडले आणि १८१२ मध्ये कायमचे गेले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या काबिजादी जेव्हा पोर्तुगीजांकडे आल्या तेव्हा तेथील देवळांना आणि रिवाजांना हात न लावण्याचे वचन दिले गेले आणि ते बव्हंशी पाळलेही गेले. राज्यकर्त्यांचा युरोप तोवर बदलला होता. १८२२ मध्ये लिस्बनच्या संसदेसाठी गोव्यातून प्रतिनिधी निवडले गेले. १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता १८७० पासून गोव्यास लागू झाली, आणि तिच्यासोबत माणूस हा स्वतःच्या नावाने हक्क धारण करणारी व्यक्ती आहे ही कल्पना आली. हिंदूंच्या रूढींसाठी १८८० मध्ये स्वतंत्र हुकूमनामा काढण्यात आला. फिलिप नेरी शाव्हियेर ह्यांनी १८५२ मध्ये गावकरीच्या इतिहासाचे साधन-संकलन प्रसिद्ध केले. १८८६ मध्ये देवस्थानांसाठी 'माझानीं'ची नियमावली आली. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालात प्रजासत्ताक स्थापन झाले आणि पुढच्या वर्षी राज्य व चर्च विभक्त झाले. गोमंतकातील हिंदूंना सरकारी नोकरी, शाळा आणि वृत्तपत्रे ह्यांची दारे खऱ्या अर्थाने उघडली ती ह्या वेळी. त्या सोळा वर्षांत निघालेली मराठी नियतकालिके चाळताना आजही मन प्रसन्न होते. दीर्घकाळ कोंडलेला माणूस अंगणात येऊन मोठ्याने बोलावा तसा त्यांचा सूर आहे.

मग १९२६ साली लिस्बनमध्ये लष्कराने सत्ता घेतली, आणि १९३० च्या वसाहत कायद्याने गोवेकर पुन्हा दुय्यम ठरला. १९३३ हे वर्ष येथे विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात सालाझारच्या नव्या राज्यघटनेवर पोर्तुगालात सार्वमत घेण्यात आले, आणि जे मतदानास आलेच नाहीत त्यांची गणना अनुकूल मतांत करण्यात आली. जो गप्प राहिला तो 'होय' म्हणाला असे धरले. गावकारांच्या जुन्या सभेत एकाच्या 'नाही'ने ठराव अडत असे. येथे हजारोंच्या मौनाचा ठराव झाला. आणि नेमक्या त्याच महिन्यात, ३० मार्च १९३३ रोजी, गोव्यात देवस्थानांची सुधारलेली नियमावली जारी झाली. महाजनांची नोंदवही, आमसभा, समितीची निवडणूक, वार्षिक अंदाजपत्रक, सारे तीत व्यवस्थित होते. आणि ह्या सर्वांवर तालुक्याच्या प्रशासकाची देखरेख होती. त्याच वर्षी गावकरीचीही संहिता नव्याने निघाली.

म्हणजे हुकूमशाहीच्या अगदी ऐन काळात गोव्यातील महाजन आणि गावकार सभा भरवीत होते, हिशेब तपाशीत होते, मते टाकीत होते. पण सरकारविरुद्ध एक ओळ छापण्याची सोय नव्हती. परवानगीवाचून सार्वजनिक सभा घेता येत नव्हती. एका अंगणात मतदान आणि बाहेरच्या रस्त्यावर मुस्कटदाबी, असा हा संसार होता. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया बोलावयास उभे राहिले आणि त्यांस पकडण्यात आले. त्या दिवशी जे लोक जमले होते ते कोणत्याही वांगडाचे प्रतिनिधी म्हणून आले नव्हते. त्रिस्तांव द ब्रागांस कुन्य ह्यांस त्याच वर्षी अटक होऊन पोर्तुगालातील पेनिशच्या किल्ल्यात पाठविण्यात आले. तेही कोणा गावकरीच्या वतीने बोलत नव्हते. गावकरीने माणसाला सभेत बसण्याचे वळण लावले हे खरे. परंतु सभेबाहेर उभे राहून बोलण्याचे धैर्य तिने शिकविले असे आम्हांस म्हणता येत नाही. ते दुसरीकडून आले.

दुसरीकडून म्हणजे कोठून, ह्याचा विचार करताना ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेले भाषण आठवल्यावाचून राहात नाही. प्राचीन ग्रामराज्यांचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी त्या दिवशी फार कठोर शब्दांत उत्तर दिले, आणि राज्यघटनेने गाव हा घटक न मानता व्यक्ती हा घटक मानला ह्याबद्दल समाधान व्यक्त केले. हे भाषण पहिल्याने वाचले तेव्हा आम्हांस ते बोचले होते. आपल्या गावकरीविषयी इतके आटोकाट वाचल्यावर कोणी गावाला अज्ञानाचे आगर म्हणावे हे रुचले नाही. पण मुंडकाराच्या जागी स्वतःस कल्पून ते पुन्हा वाचले तेव्हा त्यातला प्रत्येक शब्द अनुभवातून आलेला वाटला.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि ती राज्यघटना येथेही आली. ९ डिसेंबर १९६३ रोजी विधानसभेसाठी पहिली निवडणूक झाली. गावकाराने एक मत टाकले, त्याच्या भाटातील मुंडकारानेही एक, आणि दोघांच्या घरातील स्त्रियांनीही एकेक. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला सर्वाधिक जागा मिळून दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले, ह्याचे पुष्कळांस तेव्हा आश्चर्य वाटले. भाषेचा आणि विलीनीकरणाचा प्रश्न त्या निवडणुकीत होताच, आणि त्याविषयी आमच्या वाचकांत दोन पक्ष आहेत हे आम्ही जाणतो. पण चारशे वर्षे जे लोक सभेच्या बाहेर उभे होते त्यांची संख्या किती मोठी होती, हे त्या दिवशी प्रथमच मोजले गेले, एवढे तरी दोन्ही पक्षांनी मान्य करावे. १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ मध्ये कुळांस मालक ठरविणारी दुरुस्ती ही त्या मोजणीचीच फळे होत.

ह्या फळांबरोबर एक काटाही आला, तो लपवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गावकरीच्या शेतांचे मालक अनेक झाले, बांध मात्र एकच राहिला. मानशीची दारे बदलणे, खिंड बुजविणे, पावसाळ्यापूर्वी मातीची भर घालणे ही कामे पूर्वी गावकरीच्या खर्चाने होत. आता ती कोणी करावी ह्यावर कुळांच्या संघटना, गावकरी आणि सरकार ह्यांत ओढाताण चालते, आणि अनेक ठिकाणी खारे पाणी शेतात शिरून खारफुटी माजली आहे. व्यक्तीला न्याय मिळाला. बांधाला कोणी वाली उरला नाही. जुनी व्यवस्था परत आणावी असे आम्ही म्हणत नाही. पण न्याय देताना बांधाची जबाबदारी कोणाच्या नावावर टाकावयाची, हे कायदा करणाऱ्यांनी तेव्हाच नीट ठरवावयास पाहिजे होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे सर्व लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे आपली देवस्थाने आहेत. राज्याच्या कारभारात वांगडाची जागा व्यक्तीने घेतली. गावाच्या कारभारात पंचायतीने घेतली. देवळाच्या अंगणात मात्र १९३३ ची नियमावलीच चालू आहे, आणि बहुतेक देवस्थानांच्या नियमांनुसार महाजनपण पुरुषवंशानेच येते. मुलगी लग्न होऊन गेली की तिचे नाव यादीत नसते. पुष्कळदा लग्नापूर्वीही नसते. फोरालमध्ये मुलीला वारसा नाकारला होता, दिवाणी कायद्याने तिला तो कधीच दिला. आईबापांच्या घरात तिला वाटा आहे, कुलदेवतेच्या सभेत नाही. ज्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या देवाची सेवा केली, दिवटी धरली, वाद्ये वाजविली, गायन केले, त्यांचा मान उत्सवात आहे, हिशेबाच्या सभेत नाही. राजाराम पैंगीणकरांसारख्या सुधारकांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देवळांशी बांधलेल्या स्त्रियांसाठी जो लढा दिला तो कोणत्या मान्यवर सभेच्या आतून दिला नव्हता, हेही येथे नमूद केले पाहिजे.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील की देव उचलून आणला तो आमच्या पूर्वजांनी, तेव्हा यादीही त्यांच्याच वंशाची असावी. ह्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ज्यांनी त्या पावसाळी रात्री खाडी ओलांडली त्यांचे ऋण आम्ही कमी मानीत नाही. पण त्या होडीत स्त्रिया नव्हत्या काय? मूर्ती डोक्यावर घेणारे, वल्ही मारणारे, पलीकडच्या तीरावर जागा झाडून देणारे सगळेच महाजन होते काय? विड्याचा क्रम पूर्वीचाच राहो. त्यात आमच्या इतिहासाची खूण आहे आणि तिच्याविषयी आम्हांस ममत्व आहे. हिशेब ऐकण्याचा आणि त्यावर बोलण्याचा अधिकार ही गोष्ट निराळी आहे. तो विड्याला बांधून ठेवण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

प्रत्येक देवस्थानाचा स्वतःचा नियमग्रंथ असतो, ज्यास गोव्यात 'कोम्प्रोमीस' म्हणतात. महाजनांची आमसभा त्यात बदल सुचवू शकते आणि सरकारी मान्यतेने तो अमलात येऊ शकतो. म्हणजे वाट बंद नाही. येत्या जत्रेस जे वाचक अंत्रुजात जातील त्यांनी दर्शन आणि प्रसाद झाल्यावर थोडा वेळ काढून देवस्थानाच्या कचेरीत जावे आणि आपल्या कुलदेवतेच्या कोम्प्रोमीसची प्रत मागून वाचावी. पुष्कळांनी ती आजवर पाहिलेली नसेल. आम्हीही आमची पन्नाशी उलटल्यावरच प्रथम पाहिली.